सतरा दिवस झाले, थांबूनच नाही राहिलं

पितृपक्ष संपत आला होता. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या सासरच्या घरी मोठ्या जाऊबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना ताई म्हणते. वय ४६. निवडता निवडता दर दोन मिनिटांनी चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकत होत्या. चेहरा पांढराफटक. काय होतंय म्हणून विचारलं, तर मान खालीच ठेवून म्हणाल्या, "काही नाही गं. महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या ना, त्या बंद केल्या अन् सुरू झालं. सतरा दिवस झाले, थांबूनच नाही राहिलं."

"अन् कोणाला सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगायचं काय त्यात? पाळी जायचं वय झालं. जाताना अशीच जाते म्हणतात."

हे वाक्य मी आईकडून ऐकलं आहे, शेजारच्या काकूंकडून ऐकलं आहे, शाळेतल्या स्टाफरूममध्ये तर कितीदा तरी. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून सांगते: हे वाक्य खोटं नाही. अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच बायका त्यावर विसंबतात.

खरा अर्धा भाग समजायला पाळी थांबते कशी, हे आधी बघायला हवं. पाळी येते कशी ते शाळेत शिकवतात. थांबते कशी ते कोणी शिकवत नाही.

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड करत नेतं. मग बीजांडकोशातून अंडं बाहेर पडतं. ते जिथून फुटून निघालं, त्या जागी एक पिवळसर पिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतो. प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवतं, त्याला बांधून, घट्ट करून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण १४ दिवसांत हा पिंड सुकतो आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतं. हे खाली येणं हाच इशारा. वाढलेलं सगळं अस्तर एकाच वेळी सुटतं, आणि एकाच वेळी सुटतं म्हणूनच चार-पाच दिवसांत संपतंही.

हे घडताना माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९४० मध्ये जे. ई. मार्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने ऱ्हीसस माकडिणींच्या गर्भाशयाच्या अस्तराचे छोटे तुकडे त्यांच्याच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रोपल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तुकडे तिथे रुजले, आणि डोळ्याचा पुढचा पडदा पारदर्शक असल्यामुळे काचेतून बघावी तशी पाळी बघता आली. संप्रेरकं उतरली की अस्तरातल्या मळसूत्री रक्तवाहिन्या आवळल्या जात, अस्तर फिकट पडे, आणि काही तासांनी रक्तस्राव सुरू होई. म्हणजे पाळी ही नुसती गळती नव्हे. रक्तवाहिन्या आवळणं, सुटणं, पुन्हा आवळणं असा तो बांधलेला क्रम आहे.

काटोल-नरखेडकडे ज्यांची संत्र्याची बाग आहे त्यांना हे लगेच पटेल. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून ताण देतात. ताण नीट बसला की पाऊस पडताच अख्खी बाग एकदम फुलते. ताण बसला नाही तर या फांदीवर चार फुलं आज, त्या फांदीवर दोन महिनाभराने, बहार असा येतच नाही. प्रोजेस्टेरॉनचं चढणं आणि एकदम उतरणं हा गर्भाशयाचा ताण आहे.

चाळिशीनंतर हा ताण चुकायला लागतो. अंडी कमी उरलेली असतात, काही महिन्यांत अंडं बाहेरच पडत नाही. अंडं नाही तर पिवळा पिंड नाही, पिंड नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. इस्ट्रोजेन मात्र असतं, कधी कधी नेहमीपेक्षा जास्त. अस्तर वाढतच राहतं, दोन-दोन महिने पाळी येत नाही, आणि मग ते आपल्याच वजनाने इथून-तिथून तुटायला लागतं. आज हा कोपरा, परवा तो. रक्तवाहिन्या एकदम आवळल्या जात नाहीत, म्हणून थांबतही नाही. ताईंचं असंच झालं असावं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि सहसा नेहमीसारखी आटोपते. आत आधीच जाड अस्तर साठलेलं असेल तर मात्र आटोपत नाही. घरातल्या सगळ्यांनी दोष गोळ्यांना दिला होता.

इथवर वयाचा मुद्दा बरोबर आहे. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते आणि त्याआधीची काही वर्षं अशी अनियमित जाऊ शकतात. आता उरलेला अर्धा भाग. प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसताना अस्तर दीर्घकाळ वाढत राहिलं, तर ते नुसतं जाड होत नाही, त्याच्या पेशीही बिघडू शकतात आणि काहींच्या बाबतीत पुढे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होतो. वजन जास्त असेल तर हा धोका वाढतो, कारण चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं. मधुमेह आणि पीसीओएस (अंडं नियमित बाहेर न पडण्याचा संप्रेरकांचा विकार) असणाऱ्यांनाही धोका अधिक. म्हणजे ज्या वयामुळे आपण गप्प बसतो, त्याच वयामुळे तपासणी करायची असते. चाळिशीनंतर असा रक्तस्राव झाला तर अस्तराची तपासणी करावी, अशी भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे 'फॉग्सी'ची, शिफारस आहे.

शिवाय सगळाच रक्तस्राव संप्रेरकांमुळे होत नाही. अस्तरावर आलेला लोंबता पॉलिप, गर्भाशयाच्या स्नायूतली फायब्रॉइडची गाठ, अस्तर स्नायूत शिरून गर्भाशय फुगणं, थायरॉइड मंदावणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तांबी, गर्भाशयमुखाचा आजार, आणि हो, या वयातही राहिलेला गर्भ. ४५ वर्षांच्या बाईला आधी गरोदरपणाची चाचणी करायला सांगितली की ती लाजते, कधी चिडतेही. पण अंडं अधूनमधून बाहेर पडत असतं तोवर गर्भ राहू शकतो, म्हणून ती चाचणी पहिली.

इथे एका शब्दाचा घोळ सांगायलाच हवा. पाळीत रक्ताचे गोळे पडतात त्यालाही आपल्याकडे 'गाठी पडतात' म्हणतात आणि फायब्रॉइडलाही 'पिशवीत गाठ आहे' म्हणतात. त्यामुळे बाई सांगते एक आणि ऐकणारा समजतो दुसरं. डॉक्टरांना सांगताना 'रक्ताच्या गुठळ्या पडतात, दहाच्या नाण्याएवढ्या' असं आकारासकट सांगितलं की काम सोपं होतं.

'जास्त जातं' म्हणजे किती, हेही असंच. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर ते जास्त. टपरीवरच्या छोट्या ग्लासभर चहाइतकं. मोजायचं कसं? १९९० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एक सोपा तक्ता केला, तो घरीही करता येतो. पॅडवर नुसता डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजलं तर ५, पूर्ण भिजलं तर २०. छोटी गुठळी १, मोठी ५. पाळीभराची बेरीज १०० च्या पुढे गेली तर रक्तस्राव जास्त समजायचा. कॅलेंडरच्या रोजच्या चौकोनात आकडा लिहायला अर्धा मिनिट लागतो. ताईंनी नंतर एका पाळीला लिहिला. बेरीज २६० च्या वर गेली आणि त्या स्वतःच दचकल्या, कारण तोवर त्यांना ते 'थोडं जास्त' वाटत होतं.

आता तांदळाकडे येते, कारण मला त्या दिवशी खरी भीती तांदळाने घातली.

कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती, बर्फ असलं खावंसं वाटणं हे पुष्कळदा शरीरातलं लोह संपल्याचं लक्षण असतं. हिशेब करून बघा. हिमोग्लोबिन चांगलं असताना एक मिलिलिटर रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. ८० मिलिलिटर रक्त गेलं म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह गेलं. आपलं आतडं जेवणातून दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह उचलतं, आणि त्यातलं जवळपास एक मिलिग्रॅम रोजच्या इतर झिजेतच जातं. मग महिनाअखेर ४० मिलिग्रॅम आणायचे कुठून? यकृतातल्या साठ्यातून. साठा संपला की हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसेपर्यंत लोह कधीच संपलेलं असतं, आणि तपासायचं ते फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. जिने चढताना धाप लागते, केस गळतात, चिडचिड होते, आणि सगळं वयाच्या नावावर खपतं.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. त्यामुळे हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या सुरू, असं न करता सिकलसेलची चाचणी झाली आहे का, हे नागपुरात विचारायलाच हवं. सिकलसेलच्या रुग्णाला लोह तेव्हाच द्यायचं, जेव्हा लोह खरंच कमी असल्याचं तपासणीत दिसतं.

कधी जायचं डॉक्टरकडे? स्राव आठ दिवसांच्या पुढे गेला तर. दोन पाळ्यांमधलं अंतर २४ दिवसांपेक्षा कमी व्हायला लागलं, किंवा मधेच डाग पडायला लागले तर. संबंधानंतर रक्त दिसलं तर नक्की, कारण तिथे गर्भाशयमुख तपासावं लागतं. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर कधीही, एक थेंब जरी दिसला तरी. ती पाळी 'परत आलेली' नसते. अशा बायकांपैकी दहातल्या नऊ जणींना कॅन्सर निघत नाही, पण दहावी कोण हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि काही वेळा दिवस मोजत बसायचंच नसतं. तासाला एक मोठं पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, श्वास पुरत नाही, किंवा गर्भ असण्याची शक्यता आहे आणि पोटात कळा येताहेत, तर त्याच रात्री निघायचं. नागपुरात डागा, मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेत, जे जवळ असेल ते.

ताईंना आम्ही दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. पाच मिनिटांत सल्ला मिळाला: "दोन मुलं झालीत, आता काय करायची पिशवी? काढून टाका." तपासणी काहीच नाही. मला त्या घाईचा फार राग आला, अजून येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने वाचलं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखायची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत, असं सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२३ मध्ये सांगावं लागलं. पिशवी काढणं काही वेळा योग्यच असतं. अस्तराच्या पेशी बिघडलेल्या असतील, मोठ्या फायब्रॉइडला दुसरा उपाय लागू पडत नसेल, तर ती शस्त्रक्रिया बाईला जगवते. पण ते तपासणीनंतर ठरतं. बीजांडकोश जागेवर ठेवले तरी काहींच्या बाबतीत ते लवकर थकतात, आणि सोबत काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींना त्याचा भार पडतो.

मग दुसऱ्या डॉक्टर. त्यांनी आधी गरोदरपणाची चाचणी, मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, थायरॉइड, सिकलसेल, सोनोग्राफी असं क्रमाने केलं. हिमोग्लोबिन ७.८, फेरिटिन ६, दोन्ही फारच कमी. अस्तर जाड. मग एका बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतला. ओपीडीतच, भूल न देता, एक-दोन मिनिटांचं काम. कळ येते, पाळीच्या दुखण्यासारखी पण जोरात. ताईंनी माझा हात दाबून धरला होता. "एवढंच?" म्हणाल्या नंतर. नमुना म्हणजे क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून खरवडणं, आणि त्यासाठी ऑपरेशन थिएटर, भूल आणि एक रात्र मुक्काम, असं त्यांच्या डोक्यात होतं.

तोवर रक्त थांबवायला ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मिळाल्या. या औषधाबद्दल मला विशेष माया आहे. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, ते थांबावं ही उताकोंची इच्छा होती. सुमारे २० हजार बाळंतिणींवरच्या चाचणीने औषधाचा तो उपयोग सिद्ध केला २०१७ मध्ये. उताको २०१६ मध्ये गेल्या होत्या, वय ९८. पाळीतला रक्तस्राव ते जवळपास निम्म्यावर आणतं. पण कारण शोधत नाही, आणि पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर देत नाहीत. मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून खायचं औषध ते नव्हे.

नमुन्याचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला. अस्तर अवाजवी वाढलेलं, पेशी बिघडलेल्या नाहीत. अशा प्रकारात पुढच्या २० वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी, आणि उपचाराने अस्तर बहुतेकींचं पूर्ववत होतं. डॉक्टरांनी संप्रेरक सोडणारी तांबीसारखी एक छोटी वस्तू गर्भाशयात बसवली. तिच्यातून रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम संप्रेरक थेट अस्तराला मिळतं. ज्या लगामाची वर्षभर उणीव होती, तोच. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडत राहिले आणि ताई वैतागल्या, "काढून टाकू का गं?" म्हणून तीनदा विचारलं. हे डाग पडतात, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं, म्हणून धीर धरला. लोह सलाईनमधून दिलं. सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेतला, तो स्वच्छ आला. फेरिटिन ४१.

यंदाच्या महालक्ष्म्यांना त्यांनी पाळी पुढे ढकलायची एकही गोळी घेतली नाही, गरजच नव्हती. नैवेद्याच्या भाताचे तांदूळ निवडायला आम्ही दोघी बसलो. सूपभर तांदूळ निवडून झाले. मी मुद्दाम बघत होते. एकही दाणा त्यांनी तोंडात टाकला नाही.