हवेतला एक सेकंद

फ्लोअरवर धावत येऊन एखादी मुलगी पाठीमागे लागोपाठ दोन कोलांट्या मारते, तेव्हा तिचे पाय जमिनीपासून सुटलेले असतात जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात अंगाचं मुटकुळं करायचं, दोनदा फिरायचं, पुन्हा ताठ व्हायचं आणि पावलांवर उतरायचं. जिम्नॅस्टिक्सचे प्रकार समजून घ्यायचे तर मला या सेकंदापासून सुरुवात करावीशी वाटते. हा वेळ आणि ही फिरकी प्रत्येक प्रकारात वेगळ्या ठिकाणाहून मिळवावी लागते.

पाय सुटले की फिरकीची शिदोरी ठरून जाते. भौतिकशास्त्रात तिला कोनीय संवेग म्हणतात. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, पण या शिदोरीत भर घालत नाही की तीतून काही काढून घेत नाही. खेळाडूच्या हाती उरतो तो फक्त शरीराचा आकार. गुडघे छातीशी घेतले की वस्तुमान अक्षाजवळ येतं आणि तीच फिरकी ताठ शरीराच्या सुमारे तिप्पट वेगाने होते. कोलांटी चालू असताना एक हात वर आणि दुसरा खाली नेला तर शरीर कलतं, आणि कोलांटीतलाच थोडा भाग गिरकीत, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतच्या अक्षाभोवती फिरण्यात, बदलतो. म्हणजे जमिनीवर न घेतलेली गिरकीही हवेत सुरू करता येते! हे मला आजही थक्क करतं.

आर्टिस्टिक प्रकारात पुरुषांची सहा साधनं असतात, महिलांची चार. व्हॉल्टमध्ये, म्हणजे टेबलावरून घ्यायच्या उडीत, धावण्याचा वेग स्प्रिंगबोर्ड आणि टेबल यांच्या मदतीने उंचीत आणि फिरकीत बदलायचा असतो. दीपा कर्माकरची प्रोदुनोव्हा आठवा. हाताच्या धक्क्याने टेबल सोडायचं आणि पुढच्या दिशेने दोन कोलांट्या मारायच्या. मागे फिरताना उतरण्याआधी जमीन नजरेला पडते. पुढे फिरताना ती फार उशिरा दिसते, त्यामुळे शरीर उघडण्याची वेळ जवळजवळ अंदाजानेच साधावी लागते. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये ही उडी घेऊन दीपा चौथी आली. कांस्यपदक 0.15 गुणांनी हुकलं.

हाय बारवर, म्हणजे उंचावरच्या आडव्या दांड्यावर, धाव नाही, तिथे झोका आहे. तळाशी येताना अंग ताणायचं आणि वर चढताना कमरेत किंचित मोडायचं, झोपाळ्यावर आपण झोका चढवतो तसंच. तळाशी हातांवर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट ओढ येते. म्हणून तळव्यावर चामडी ग्रिप असते आणि तिच्यावर मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड. घाम शोषला नाही तर हात निसटतो. पूड असूनही तळव्याची साल निघते, ती वेगळीच.

बीमची अडचण निराळी आहे. तो 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. एवढ्या अरुंद पट्टीवर पाऊल बाजूला तोल सावरू शकत नाही. म्हणून खेळाडू ज्या बाजूला पडू लागते, त्याच बाजूला हात गरकन फिरवते, आणि प्रतिक्रियेने धड उलट्या बाजूला येतं. परीक्षक या धडपडीचे गुण कापतात, पण मला तिच्यातलं शहाणपण आवडतं.

ट्रॅम्पोलिनवर वेळेची चैन आहे. सन 2000 पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या प्रकारात सलग दहा उड्या माराव्या लागतात आणि हवेतल्या एकूण वेळेचेही गुण मिळतात. अव्वल पुरुषांचा हा वेळ सतरा-अठरा सेकंदांच्या घरात जातो, म्हणजे एका उडीला पावणेदोन सेकंदांच्या आसपास. फ्लोअरपेक्षा बराच जास्त. पण तेवढ्याच जास्त कोलांट्या आणि गिरक्या घ्याव्या लागतात, आणि आपण कुठे आहोत हे कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायू यांनी मिळून सांगावं लागतं. हा मेळ तुटला की काय होतं, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सच्या व्हॉल्टवर जगाने पाहिलं. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, झाल्या दीड. जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. तिने उरलेल्या सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तो निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो, कारण हवेत दिशा हरवलेलं शरीर मानेवरही उतरू शकतं.

अ‍ॅक्रोबॅटिक प्रकारात स्प्रिंगबोर्डचं काम जोडीदाराचे हात करतात. एरोबिक आणि पार्कोर हेही आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रकार आहेत, पण ऑलिंपिकमध्ये नाहीत.

रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र मुख्य उड्डाण साधनाचं असतं. चेंडू हातापासून पाच मीटर उंच गेला, तर वर जायला सुमारे एक सेकंद आणि परत यायला एक. त्या दोन सेकंदांत खेळाडू जमिनीवर दोनदा लोळण घेते आणि पाठ फिरलेली असतानाही चेंडू झेलते. रिबनला हे सरळ गणित लागू पडत नाही. सहा मीटरची ती हलकी पट्टी हवेला अडते, साध्या झुळुकीनेही भरकटते. मनगट थांबलं की लाट विरते आणि शेपूट जमिनीवर पडतं. म्हणून रिबन हाती असताना ते मनगट क्षणभरही थांबत नाही.