सोलापूरच्या गोष्टींना तिथी असते

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की सोलापूर दोन गोष्टी नव्याने सांगतं. १२ तारखेला चार हुतात्म्यांची, आणि तिच्या पाठोपाठ भोगी-संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची. एकीला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत, दुसरी बाराव्या शतकातली. दोन्ही इथल्या पोराटोरांना पाठ आहेत, तरी दर वर्षी सांगाव्या लागतात. माणसाला गोष्ट कशासाठी लागते, याचं उत्तर मला या शहराच्या घडणीत दिसतं.

सिद्धरामेश्वर हे बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत. त्यांची वचनं कन्नडमधली. त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट एका कुंभाराच्या मुलीने धरला. आपण संसारात पडणार नाही, पण माझ्या योगदंडाशी विवाह कर, असं त्यांनी तिला सांगितलं. गोष्ट एवढीच. ती सांगायला सोलापूर दर वर्षी एक अख्खं लग्न लावतं. त्याला आपण गड्ड्याची यात्रा म्हणतो. पहिल्या दिवशी नंदीध्वज शहराभोवतीच्या ६८ लिंगांना जातात, तिथे तैलाभिषेक होतो. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस तो उंचच उंच ध्वज कमरेच्या आधारावर तोलत चालतो. भोवती ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’चा गजर. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर संमती वाचन, म्हणजे या लग्नाच्या संमतीचं वाचन होतं आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ ऐकू आलं की हजारो हातांतल्या अक्षता एकदम उधळतात. तिसऱ्या दिवशी होम. बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून तिला कुंभारकन्या मानतात आणि अग्नी देतात.

यात श्रोता असा कोणी उरतच नाही. कन्नड येत असो वा नसो, अक्षता टाकणारा प्रत्येक जण त्या लग्नातला वऱ्हाडी असतो. सोलापूरकर म्हणजे कोण, असं कोणी विचारलं तर त्या कट्ट्यासमोर उभा राहतो तो, इतकं साधं उत्तर मी देईन.

पुढे शहरात माणसं येत गेली. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच आपली जुनी गिरणी. मागोमाग आणखी गिरण्या आल्या, हातमाग वाढले आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबंच्या कुटुंबं येऊन पूर्व भागात राहिली. सोबत त्यांनी आपलं पुराण आणलं. मार्कंडेय ऋषी हे कुळाचे मूळपुरुष, आणि त्यांच्या वंशातल्या भावना ऋषींनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणलं, असं ते पुराण सांगतं. तेलंगणात हे सांगणारा समाजच वेगळा आहे, कुनपुली नावाचा. चित्रं काढलेला लांबलचक पट उलगडत, एकेका चित्रावर बोट ठेवत ते रात्रभर कथा लावत. गिरणीत पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘तू मजूर’ एवढंच सांगणारे पुष्कळ होते. तुझ्या पूर्वजाने देवांना कपडा दिला, हे सांगणारी ही एकच गोष्ट होती. सोलापुरात नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ त्याच गोष्टीची तिथी आहे.

चार हुतात्म्यांची गोष्ट या सगळ्यांना एकत्र ओवते. मे १९३० मध्ये गोळीबारानंतर शहर पेटलं, पोलीस मागे हटले, काही दिवस गावाचा कारभार लोकांच्या हातात राहिला. मग १२ मेला मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. चारही नावं एका दमातच घ्यायची, अशी सोलापुरात रीत पडली आहे. एकच नाव घेऊन कोणी थांबत नाही. शहराने स्वतःविषयी ठरवलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कलहारीच्या वाळवंटातल्या जु-होआन लोकांच्या गप्पांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसा त्यांच्या बोलण्यात गोष्टी जेमतेम ६ टक्के, बाकी बहुतेक कामधंदा आणि तक्रारी. रात्री शेकोटीपाशी तेच प्रमाण ८१ टक्क्यांवर जातं. समोर नसलेली माणसं, दूरची नाती, मेलेले पूर्वज हे सगळे रात्री गोष्टीतून आपले होतात. आपल्याकडे शेकोटीऐवजी पंचांग आलं, इतकाच फरक. श्रावणात प्रत्येक वाराची कहाणी वेगळी, आणि ती ऐकताना हातात अक्षता धरायच्या. तुळजापूर इथून तास-दीड तासावर, त्यामुळे लग्न झालं की गोंधळ घालायचा. संबळावर वाकडी काठी पडते, गोंधळी गावोगावच्या देवींना नावानिशी बोलावतो आणि मग आख्यान लावतो. नव्या सुनेला घरचं कुलदैवत कळतं ते बहुधा त्याच रात्री. लावण्यांनी फड गाजवून नंतर कीर्तनाकडे वळलेले रामजोशी याच मातीतले.

गिरणीच्या गोष्टीला मात्र तिथी नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले. साचेखात्यातला, म्हणजे मागांच्या खात्यातला गोंगाट, गैरहजर कामगाराच्या बदलीवर नाव लागावं म्हणून दारात ताटकळणं, पगाराच्या दिवशीचा बाजार हे सांगणारे आजी-आजोबा अजून पूर्व भागात भेटतात. मराठीत सुरू करतात आणि रंगात आले की तेलुगूत जातात. नातवंडं ऐकतात, पण सवड मिळाली तर. १९३०च्या मे महिन्यात रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते, तेव्हा १२ जानेवारीला त्यांच्या गोष्टीलाही जागा आहे. त्या दिवशी शाळेत पाहुण्यांची भाषणं ठेवायचीच असतील, तर एखादी खुर्ची जुन्या साचेवाल्यासाठी ठेवावी आणि त्याला बोलायला चांगला तासभर द्यावा.