लॅपटॉप वेगवान आहे, पण वेळेवर आहे का?

घरातल्या एका खोलीत गाणं रेकॉर्ड करायचं, त्यावर तबला-ढोलकीचे ट्रॅक चढवायचे आणि शेवटचं मिक्सही स्वतःच करायचं, असं काम करणारी मुलंमुली आता तालुक्याच्या गावांतही भेटतात. लॅपटॉप घ्यायची वेळ आली की त्यांना बहुतेक वेळा गेमिंगचा लॅपटॉप सुचवला जातो. जड काम म्हणजे गेम किंवा व्हिडिओ, आणि ते ज्यावर चालतं त्यावर गाणं चालणारच, असा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकतो, कारण संगीताच्या कामाची जातच वेगळी आहे. व्हिडिओ तयार व्हायला दहाऐवजी बारा मिनिटं लागली तर कोणाचं काही अडत नाही. आवाज मात्र वाहता असतो. त्याचा पुढचा तुकडा ठरलेल्या क्षणी तयार नसेल, तर त्या जागी कानाला टोचणारा 'टक्' ऐकू येतो.

संगणकातला आवाज म्हणजे एकापाठोपाठ एक मांडलेले आकडे. माइकवर पडणाऱ्या हवेच्या दाबाचे सेकंदाला हजारो नमुने घेतले जातात. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि एखादी कंपनं नीट पकडायची तर त्यांच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले आणि व्हिडिओच्या जगात ४८,०००. ४४,१०० हा आकडा आला कुठून, याची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीच्या डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाचे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या एका ओळीत ३ नमुने, कामी येणाऱ्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं): गुणाकार करून पाहा. १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन, आणि तो आजही आपल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बसलेला आहे.

प्रत्येक नमुन्यासाठी प्रोसेसरला वेगळं उठवणं परवडत नाही, म्हणून नमुने गठ्ठ्याने हाताळतात. त्या गठ्ठ्याला म्हणायचं बफर. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखंच त्याचं काम असतं: पालिकेचं पाणी कमीजास्त, अवेळी आलं तरी घरातला नळ एका धारेने वाहतो. टाकी जितकी मोठी तितकी निश्चिंती, पण तितकंच नळातलं पाणी शिळं. आवाजाच्या बाबतीत या शिळेपणाला लॅटन्सी म्हणतात. ४८,००० च्या दराने १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा १०.७ आणि १०२४ चा २१.३. आत येताना एक बफर, बाहेर जाताना दुसरा, शिवाय माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेस या डबीत आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करायला लागणारा थोडा वेळ. म्हणजे १२८ वर काम केलं तरी गायकाच्या तोंडातला स्वर हेडफोनमध्ये परत यायला पाच मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातोच.

पाच मिलिसेकंद हे काही मोठं अंतर नव्हे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. बैठकीत तबलजी गायकापासून दीड-दोन मीटरवर बसला, तर ठेका गायकाच्या कानी चार ते सहा मिलिसेकंद उशिरानेच पोचतो. शतकानुशतकं आपण त्या अंतरात गात-वाजवत आलो आहोत. कीबोर्डवर बोट दाबल्यावर दहा मिलिसेकंदांनी आवाज आला तरी बहुतेक वादकांना ते खटकत नाही.

गायकाची गोष्ट मात्र निराळी आहे. गाताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतो. त्याच आवाजाची उशिरा आलेली प्रत हेडफोनमधून येऊन त्यात मिसळते. दोन सारख्या लहरी किंचित मागेपुढे होऊन एकत्र आल्या की काही कंपनसंख्या एकमेकींना खाऊन टाकतात. उशीर १ मिलिसेकंदाचा असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खड्डे पडतात. तो ५ मिलिसेकंदांचा असेल तर १००, ३००, ५००, ७०० असे दर २०० हर्ट्झवर. म्हणजे 'उशीर' असा जाणवण्याआधीच गायकाला स्वतःचा आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो आणि सुराचा अंदाज डळमळतो. "हेडफोन लावला की सूर लागत नाही," ही तक्रार अनेकदा या भौतिकशास्त्रामुळे असते. त्यात गळ्याचा काही दोष नसतो. त्यावर सर्वांत सोपा उपाय लॅपटॉपच्या बाहेर आहे: चांगल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय असते, तिच्यामुळे माइकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनला मिळतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही वर जाऊ शकतो. रेकॉर्डिंगला ते अजिबात लावू नयेत.

आता वक्तशीरपणाचा हिशेब मांडू. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सेकंदाला ३७५ गठ्ठे. पाच मिनिटांच्या गाण्यात १,१२,५०० गठ्ठे होतात आणि प्रत्येक गठ्ठा २.७ मिलिसेकंदांच्या आत तयार हवा. एखादा लॅपटॉप ९९.९९ टक्के वेळा वेळेवर असला, तरी त्या गाण्यात अकरा ठिकाणी 'टक्' होईल. दहा हजारात एक चूक दुसऱ्या कुठल्याही कामात कोणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणूनच विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच व्यग्र दिसतो आणि तरीही गाणं खरखरतं. तो आकडा सरासरीचा असतो. मधूनच दोन-तीन मिलिसेकंदांसाठी दुसऱ्याच कोणी प्रोसेसर अडवून धरला, हे त्या सरासरीत दिसत नाही. अडवणारे बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एकेक भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, असतात: वायफायचा, ग्राफिक्स कार्डाचा, कधी बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा. त्यांचं काम कार्यप्रणालीच्या अगदी आतल्या थरात चालतं आणि तिथे तुमच्या गाण्याला थांबावं लागतं. म्हणून सारखा प्रोसेसर आणि सारखी मेमरी असलेल्या दोन लॅपटॉपांपैकी एकावर ६४ चा बफर शांतपणे चालतो आणि दुसऱ्यावर ५१२ वरही खडखडाट होतो. जाहिरातीतल्या तपशिलात याचा उल्लेख कुठेही नसतो, आणि मला खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो.

विंडोजच्या नेहमीच्या ध्वनियंत्रणेला वळसा घालायला श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली एएसआयओ ही ड्रायव्हरची पद्धत आणली. आजही इंटरफेस घेताना त्याच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे ना, हे पाहावंच. ॲपलच्या मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही यंत्रणा कार्यप्रणालीतच आहे, त्यामुळे तिथे हा त्रास पुष्कळ कमी होतो. लिनक्सच्या मुख्य गाभ्यात २०२४ साली, ६.१२ या आवृत्तीपासून, काटेकोर वेळ पाळण्याची सोय आली. तिच्यावर वीस वर्षं काम चाललेलं होतं. विंडोजचे एआरएम (इंटेल-एएमडीहून वेगळ्या जातीच्या) प्रोसेसरवाले नवे लॅपटॉप घेताना मात्र जपून: जुनी सॉफ्टवेअर त्यांच्यावर अनुकरणाने चालतात, पण ड्रायव्हर तसे चालत नाहीत. तुमच्या इंटरफेसचा एआरएमसाठी केलेला ड्रायव्हर नसेल, तर त्याची खास सोय वापरताच येणार नाही.

मग प्रोसेसरचं काय? दहा-बारा कोर, म्हणजे प्रोसेसरमधली स्वतंत्र काम करणारी केंद्रं, आहेत म्हणून भुलू नका. एका ट्रॅकवर इक्वलायझर, त्यामागे कम्प्रेसर, त्यामागे रिव्हर्ब अशी आवाजावर संस्कार करणाऱ्या सॉफ्टवेअरची साखळी असते, आणि पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवातच करता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोरवर वाटता येतात, पण शेवटी सगळे एकाच मास्टरवर, म्हणजे अंतिम एकत्रित ट्रॅकवर, येतात आणि तिथलं काम पुन्हा एकाच कोरचं. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी १९६७ साली हेच मांडलं होतं: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. म्हणून एका कोरचा वेग आधी पाहावा, संख्या नंतर.

हा वेगही किती वेळ टिकतो, ते पाहावं लागतं. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर पहिली काही सेकंदं जोमात धावतो, मग तापतो आणि स्वतःला आवरतो. बाजारातल्या कित्येक चाचण्या त्या पहिल्या जोमावरच गुण देतात. मिक्सिंगची बैठक मात्र तीन-चार तास चालते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद खोलीत पंख्याविना गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला हा फरक नक्की जाणवेल. थंड करायला लॅपटॉपचा पंखा जोरात फिरला, तर तोच आवाज कंडेन्सर माइक इमानेइतबारे टिपतो. ॲपलच्या एम१ प्रोसेसरपासूनच्या, म्हणजे २०२० च्या अखेरीपासूनच्या, मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. गायकाच्या शेजारी ठेवून रेकॉर्ड करायला याहून सोयीचं यंत्र मला माहीत नाही, पण शंभर ट्रॅकचं मिक्स तासन्‌तास चालवायचं असेल तर पंख्याचं मॉडेलच घ्यावं.

मेमरी किती हवी, हे तुम्ही काय वाजवता यावर आहे. गळा, हार्मोनियम, तबला असं खरं वाजवून रेकॉर्ड करणाऱ्याला १६ जीबी पुष्कळ झाली. नमुना-वाद्यं, म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले स्वर वाजवणारी सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याचा हिशेब वेगळा. २४ बिटचा स्टिरिओ आवाज ४८,००० च्या दराने सेकंदाला सुमारे ०.२९ एमबी जागा घेतो. एका पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येकीवर हळू ते जोरात असे आठ आघात आणि प्रत्येक स्वर दहा सेकंद धरला, तर एकच पियानो २ जीबी होतो. तंतुवाद्यांचा अख्खा वाद्यवृंद उभा करायचा तर ३२ किंवा ६४ जीबी लागतेच. सगळं मेमरीत मावत नाही म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक सुंदर युक्ती निघाली: प्रत्येक स्वराचा पहिला छोटासा तुकडाच मेमरीत ठेवायचा आणि तो वाजत असताना उरलेला डिस्कवरून आणायचा. फिरत्या हार्डडिस्कला नवी जागा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दाट संगीतात ती मागे पडते. एसएसडी हे काम सहज करते. नुसत्या रेकॉर्डिंगसाठी मात्र सर्वांत महागडी एसएसडी घेऊ नका. शंभर मोनो ट्रॅक एकदम वाजले तरी सेकंदाला १५ एमबीही होत नाहीत, आणि साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास देते. मॅकमध्ये आणि अनेक पातळ विंडोज लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच पक्की बसवलेली असते. नंतर वाढवू म्हणायची सोय तिथे नसते, तेव्हा पैसे असतील तर ते आधी मेमरीत घालावेत.

ग्राफिक्स कार्डाची संगीताला जवळजवळ गरज नाही. पडदा १५-१६ इंची असला तर ट्रॅक नीट दिसतात. यूएसबीची दोन तरी पोर्ट हवीत, म्हणजे इंटरफेस हबशिवाय थेट लागतो.

चार्जरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की मुंग्या येतात, हे अनेकांनी अनुभवलं असेल. चार्जरमधली गोंगाट गाळणारी कपॅसिटर किंचित विद्युतप्रवाह पलीकडे सोडतात आणि अर्थिंग नसेल तर तो तुमच्या हातातून वाट काढतो. हाच प्रवाह इंटरफेसमार्गे स्पीकरमध्ये पोचला की ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची घूं सुरू होते. चार्जर काढल्यावर घूं थांबली तर कारण सापडलं. पण बॅटरीवर अनेक विंडोज लॅपटॉप प्रोसेसर मंदावतात, म्हणून तो कायमचा उपाय होत नाही. खोलीतली अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावावेत, स्पीकरला बॅलन्स्ड (बाहेरून शिरलेला गोंगाट रद्द करणाऱ्या) केबल वापराव्यात. घूं घालवायला प्लगची तिसरी पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत. ते जिवावर बेतू शकतं.

खरेदी करताना परत घेण्याची मुदत आधी विचारून घ्या आणि त्या मुदतीतच परीक्षा घ्या. विंडोजवर लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर अर्धा तास चालू ठेवलं की कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते नावानिशी कळतं. मग आपला इंटरफेस जोडून, बफर १२८ वर ठेवून, आपलंच सर्वांत भरगच्च गाणं तासभर वाजवावं, चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा. 'टक्' आला तर वायफाय बंद करून, विजेची सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवून, कंपनीचे ताजे ड्रायव्हर घालून पुन्हा ऐकावं. एवढं करूनही तो येत राहिला, तर डब्यावरचे आकडे कितीही मोठे असोत, लॅपटॉप परत करावा.