पाहणाऱ्यांची नावे: स्पशापासून निरीक्षकापर्यंत

पाहतात सगळेच, पण पाहणाऱ्याला वेगळे नाव मिळते ते बहुधा त्याच्या पाहण्यामागे काही अधिकार किंवा हेतू असला म्हणजे. ऋग्वेदात वरुणाभोवती बसलेले ‘स्पश’ हे त्याचे हेर आहेत. ‘पश्यति’ हे क्रियापद त्याच कुळातले, आणि इंग्रजीतल्या ‘स्पाय’चे मूळही तिथेच जाते. पाणिनीच्या ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’ या सूत्राप्रमाणे ज्याने स्वतः डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. मराठीने त्याला फारसी ‘दार’ जोडून ‘साक्षीदार’ केला आणि कोर्टात उभा केला.

‘नजर’ अरबीतून फारसीमार्गे आली. देखरेख करणारा तो ‘नाझर’ हा त्याच धातूचा शब्द असून दिवाणी न्यायालयात हे पद अजून टिकून आहे. ‘नजराणा’ मात्र या घरचा नव्हे. तो नवस किंवा भेट या अर्थाच्या दुसऱ्याच अरबी शब्दापासून आला. मूळ लिपीत दोन्हींतला ‘ज’ निराळ्या अक्षरांनी लिहितात, देवनागरीत तो फरक उरला नाही.

सर्वांत लांबचा प्रवास ‘वेध’ या शब्दाचा झाला. त्याचा धातू ‘व्यध्’, म्हणजे भोसकणे; यंत्रावरून ताऱ्याची दिशा साधणे हे जणू नेम धरणेच असल्याने ज्योतिषशास्त्रात ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणाला वेध हे नाव पडले. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली ती खगोलीय निरीक्षणासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. 1841 पासून तिथे चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदी होऊ लागल्या. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांनी चुंबकीय नोंदी बिघडतील या धास्तीने ते काम अलिबागला हलवण्यात आले. हवामानाच्या नोंदी मात्र कुलाब्याला चालूच राहिल्या आणि ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात तारे नव्हे, पाऊस येऊ लागला.

‘ईक्ष्’ धातूची निरीक्षक, परीक्षक, पर्यवेक्षक ही मंडळी सरकारी पाट्यांवर ठळकपणे आली ती बरीच अलीकडे, मुख्यतः 1960 मध्ये भाषा संचालनालय स्थापन होऊन पदनामांचे मराठीकरण सुरू झाल्यावर. त्याआधी शाळा तपासायला ‘दिपोटी’ येत असे आणि ठाण्यात फौजदार बसत असे. पाटीवर ‘पोलीस उपनिरीक्षक’ असले, तरी गावाकडे त्यांना अजून फौजदारच म्हणतात.