ट्रकमागची हवा आणि तुमचे डिझेल

कंटेनर आणि ट्रक मालकांसाठी माहितीपत्रक
वाडी, नागपूर

लांबून आलेल्या कंटेनरच्या मागच्या दारावर बोट फिरवून बघा. वारा समोरून लागतो, तरी धूळ आणि चिखल मागेच थापलेला असतो. धावत्या गाडीच्या कडांवरून हवा सुटते, सपाट पाठीमागे आत वळते आणि तिथेच घुमत राहते. चाकांनी उडवलेली धूळ या भोवऱ्यांत सापडून दारावर बसते. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे गाडी सतत मागे ओढली जाते.

हे भोवरे डाव्या-उजव्या कडेने आलटून पालटून सुटतात. अडीच मीटर रुंद बॉडी ताशी 80 किमीने धावली तर साधारण सेकंदाला एक-दोन. मागच्या दुचाकीस्वाराला हेलकावे बसतात ते यांचेच.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 वरून 80 वर गेलात की तो जवळपास पावणेदोन पट होतो. हा विरोध कमी करणारे पत्रे आणि स्कर्ट आम्ही बसवतो. समृद्धी महामार्गावर नागपूर-मुंबई 701 किमी पळणाऱ्या गाडीला हा खर्च परवडतो. कळमना-हिंगणा अशा जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला मात्र आमचे काही बसवू नका, पैसे वाया जातील.

आम्ही काय करतो? मागच्या कडांना 10 ते 15 अंश आत वळणारे पत्रे लावतो. हवा त्यांना धरून आत येते, भोवऱ्यांची जागा आक्रसते, पाठीवरचा दाब वाढतो. कोन याहून फार वाढवला की हवा पत्रा सोडते आणि फायदा संपतो, त्यामुळे ‘जरा जास्त वळवा’ असा आग्रह धरू नका. बॉडीखाली जमीन आणि चेसिस यांच्यामध्ये हवा एक्सल, टाक्या, चाकांवर आदळते. तिथे बाजूने स्कर्ट, म्हणजे ती मोकळी जागा झाकणारा आडोसा, लावतो, खालची पट्टी रबराची, म्हणजे गतिरोधकावर मोडत नाही. कायद्याने लागणारे बाजूचे गार्ड वेगळे, स्कर्ट त्यांची जागा घेत नाही. मागचे पत्रेही आरटीओच्या मापात बसतील एवढेच ठेवतो.

किती टक्के डिझेल वाचेल, हे आम्ही छापत नाही. तोच रूट, तेवढाच माल, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवा आणि टाकी फुल ते फुल मोजा, बसवण्याआधी आणि नंतर.

एक काम तर फुकटात होते. उघड्या बॉडीची गाडी रिकामी परतताना ताडपत्री ताणून बांधा. रिकाम्या हौदात हवा शिरून मागच्या फाळक्यावर आदळते, आणि वजन कमी असल्याने तेव्हा इंजिनाच्या कामातला हवेचा वाटा भरल्या गाडीपेक्षा मोठा असतो.