लोकप्रदेशनामे, महाराष्ट्रातील

महाराष्ट्रातील लोकप्रदेशनामे : बोलण्यात, बाजारात आणि राजकारणात रूढ असलेली, परंतु ज्यांची हद्द लोकांच्या वापरानेच ठरते अशी भूभागांची नावे. देश (म्हणजे घाटावरचा मुलूख), कोकण, खानदेश, वऱ्हाड, मावळ, माणदेश, गंगथडी, झाडीपट्टी ही त्यांतली ठळक. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीनच भाग येतात. म्हणजे सावंतवाडीपासून शहाद्यापर्यंतचा सारा मुलूख या हिशेबात ‘उर्वरित’ ठरतो. महसुली विभाग सहा आहेत. त्यांपैकी कोकण विभागात मुंबईही मोडते, पण गणपतीला कोकणात निघालेल्या मुंबईकराला हे सांगून पाहावे! त्याच्या लेखी कोकण पनवेलच्या पुढे कुठेतरी सुरू होते, आणि ‘तळकोकण’ म्हटले की सिंधुदुर्ग. कुणी त्यात राजापूरही धरतात.

काही नावे जुन्या राजवटींनी मागे ठेवली. खानदेश हे त्यांतले सर्वांत घोटाळ्याचे. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर होती आणि अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर ते राज्य मोगलांकडे गेले. ही दोन्ही ठिकाणे आज मध्य प्रदेशात आहेत. खानदेशाची जुनी राजधानीच खानदेशाबाहेर राहिली. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. हे तीन जिल्हे म्हणजे खानदेश, असे सर्वसाधारण उत्तर मिळते. भाषेचा दाखला घेतला तर मात्र ते टिकत नाही. अहिराणी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, कळवण, मालेगाव भागातही घरोघर बोलली जाते. उलट जळगाव जिल्ह्यातच रावेर-यावलकडे लेवा गणबोली ऐकू येते. जळगावच्या विद्यापीठाने १९९० मध्ये ‘उत्तर महाराष्ट्र’ हे नाव घेतले, पण त्याचे कार्यक्षेत्र याच तीन जिल्ह्यांपुरते राहिले. नाशिक पुणे विद्यापीठाकडेच राहिले, त्यामुळे उत्तर महाराष्ट्र म्हणजे नेमके काय, याला विद्यापीठाचे उत्तर एक आणि वर्तमानपत्रांचे दुसरे.

वऱ्हाडची गोष्ट त्या मानाने सरळ. निजामाने १८५३ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०३ मध्ये तो कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ हे आजचे पाच जिल्हे म्हणजे वऱ्हाड. वर्धा नदी ओलांडली की तो संपतो. नागपूरकराला सरसकट वऱ्हाडी म्हणणे ही पुण्यामुंबईकडची सवय आहे, नागपुरात ती फारशी खपत नाही. वऱ्हाडच्या पोटात पूर्णेच्या खोऱ्याला पयनघाट आणि बुलढाणा-वाशीमकडच्या उंच भागाला बालाघाट म्हणत. ही नावे आता गॅझेटियरपुरती उरली आहेत. त्याच खोऱ्यातला ‘खारपाणपट्टा’ मात्र रोजच्या बोलण्यात आहे, कारण त्याची हद्द विहिरीचे पाणी जिभेला लावून कळते.

पाण्यावरून पडलेली नावे सह्याद्रीच्या पूर्वेला दाटीने आढळतात. घाटमाथ्याला लागून असलेली नद्यांची खोरी ती मावळे : पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ. बारा मावळे म्हणायची पद्धत आहे, पण ती बारा कोणती याच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तालुक्याचे नाव म्हणून मावळ फक्त वडगावकडे राहिले. बाकीची मावळे मुळशी, भोर, राजगड अशा तालुक्यांत विरली. मतदारसंघांच्या फेररचनेने तर कमालच केली. २००९ पासूनच्या मावळ लोकसभा मतदारसंघात पनवेल, कर्जत आणि उरण येतात, म्हणजे निम्मे मावळ घाटाखाली, थेट खाडीपर्यंत!

नदीकाठाला ‘थडी’ म्हणतात. भीमेकाठची भीमथडी तिथल्या तट्टांमुळे अटकेपार पोचली. गंगथडीतली गंगा म्हणजे गोदावरी. नगर आणि मराठवाडा या दोन्ही बाजूंना हे नाव चालते, आणि जिल्ह्याची सीमा त्याच्या आड येत नाही.

माणदेश हा माण नदीचा टापू. साताऱ्याचा माण, सांगलीचा आटपाडी आणि सोलापूरचा सांगोला हे तालुके त्यात निर्विवाद. खटाव आणि मंगळवेढ्याचा काही भाग धरायचा की नाही, हे सांगणाऱ्यावर अवलंबून. तीन जिल्ह्यांत वाटला गेल्यामुळे त्याला स्वतःचे मुख्य ठिकाण असे कधी लाभले नाही. अपुरा पाऊस, मेंढपाळी आणि खिलार जनावरे हीच त्याची ओळख, आणि व्यंकटेश माडगूळकरांनी ती मराठी वाचकांच्या घरात पोचवली. म्हसवडच्या महिला सहकारी बँकेनेही १९९७ मध्ये नाव घेतले ते माणदेशीच.

‘पश्चिम महाराष्ट्र’ या नावात नदी नाही, राजवटही नाही; आहे ती सहकारी साखर कारखानदारी. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर हे त्याचे जिल्हे. अहिल्यानगर कारभाराने नाशिक विभागात, पण प्रवरानगरच्या कारखान्यापासून ऊस आणि सहकाराच्या राजकारणात असल्याने निवडणुकीच्या चर्चेत त्याला पश्चिम महाराष्ट्रातच बसवतात. नकाशात खरोखर पश्चिमेला असलेले कोकण मात्र या नावात कोणी धरत नाही.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला झाडीपट्टी आहे : भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग. जंगल, धानाची शेती आणि मालगुजारी (जुन्या गावजमीनदारांच्या काळातले) तलाव यांनी हा मुलूख पश्चिमेकडच्या कापसाच्या काळ्या रानापासून वेगळा पडतो. चंद्रपूरचे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही झाडीत. वरोरा, राजुरा नाहीत. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके रंगतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे नाटक मंडळ्यांचे केंद्र. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले. दक्षिणेकडे मात्र गडचिरोली जिल्हा संपण्याआधीच झाडी संपते : अहेरीच्या बाजूला माडिया व गोंडी सुरू होते आणि सिरोंच्याला पोचेपर्यंत बाजारात तेलुगू चालू झालेली असते.