भिंगातलं भोक

नवा कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस आधी मेगापिक्सेल विचारतो, मग झूम. लेन्सच्या पुढच्या कडेवर १:३.५-५.६ किंवा १:१.८ असं काहीतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं, तिकडे सहसा कुणी पाहत नाही. पैसे कुठे घालावेत हे मात्र तोच आकडा सांगतो.

आकडा म्हणजे साधा भागाकार आहे: लेन्सची फोकल लेंग्थ (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटते ते अंतर) भागिले प्रकाश आत शिरतो त्या भोकाचा व्यास. ५० मिलिमीटरची एफ/१.८ (म्हणजेच १:१.८) लेन्स पूर्ण उघडली की भोक सुमारे २८ मिलिमीटरचं होतं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८ ते ५५ मिलिमीटर झूम होणारी किट लेन्स ५५वर नेली की एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही. तिथे भोक जेमतेम १० मिलिमीटर. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे उलटं वाटतं ते भागाकारामुळेच. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ हा चमत्कारिक पाढाही त्यातूनच आला आहे. दर पायरीला व्यास २च्या वर्गमुळाने भागला जातो, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि प्रकाशही निम्मा.

एफ/५.६वरून एफ/१.८वर आलात तर सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश पडतो. संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली खेळणाऱ्या मुलाचा फोटो किट लेन्सने १/१५ सेकंदात निघत असेल, तर त्यात मूल नसतं, मुलाच्या आकाराचा धूर असतो. लेन्स बदलली की तोच फोटो १/१२५ सेकंदात निघतो आणि चेहरा दिसतो. बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) तीच, मेगापिक्सेल तेवढेच.

‘आयएसओ वाढवला की काम झालं’ असं म्हणणारे भेटतात. आयएसओ ही चित्र किती उजळवायचं ते ठरवणारी सेटिंग. ती वाढवल्याने प्रकाश वाढत नाही. जेवढा आला तेवढ्याचाच संकेत मोठा करून दाखवला जातो. आणि प्रकाश येतो तो फोटॉनच्या सुट्या कणांनी, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखा, कधी चार जास्त तर कधी चार कमी. ही कमीजास्त साधारण एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर चढउतार १००चा, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर चढउतार १०चा, म्हणजे दहा टक्के. अंधारातल्या फोटोत रवाळपणा दिसतो त्यात कॅमेऱ्याचा वाटा असतोच, पण बराचसा हा प्रकाशाचा स्वतःचा असतो. महागड्या बॉडीलाही त्यातून सुटका नाही.

मोठ्या भोकाची किंमतही मोजावी लागते. चष्मा विसरलेला माणूस पाटी वाचताना डोळे बारीक करतो. भोक लहान झालं की किरणांचा शंकू निमुळता होतो आणि फोकसबाहेरचे ठिपके फारसे पसरत नाहीत. एफ/१.८ला याच्या उलट होतं. जवळून चेहरा टिपताना डोळा रेखीव येतो आणि कान विरघळतो. मागची गर्दी पुसायची असेल तर हे वरदान, पण दहा जणांच्या ग्रुप फोटोत मागची रांग धूसर आली की शिव्या आपल्यालाच. तिथे एफ/८ बरा.

मग एफ/२२ आणखी बरा असेल? नाही. भोक फार लहान केलं की प्रकाशाचं तरंगरूप आडवं येतं. जॉर्ज बिडेल एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली दाखवून दिलं की गोल भोकातून आलेला बिंदू कधीच बिंदू राहत नाही, त्याची तबकडी होते. हिरव्या प्रकाशात एफ/८ला ती साधारण ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एफ/२२ला ३० मायक्रॉनची. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (छंदाच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराच्या) सेन्सरवरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/२२ला जवळचं-दूरचं दोन्ही फोकसमध्ये येतं, पण सगळा फोटो एकसारखा मऊ पडतो.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, पाहताना यातलं काही कळत नाही, याचं कारण डीएसएलआर या आरशाच्या कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. आत तिरका बसवलेला आरसा प्रकाश वर प्रिझमकडे आणि तिथून डोळ्याकडे पाठवतो. चित्र उजळ दिसावं म्हणून तुम्ही एफ/११ ठरवलं असलं तरी बटण दाबेपर्यंत लेन्स पूर्ण उघडीच असते. बटण दाबलं की आरसा वर उडतो, भोक आवळतं, शटरचे पडदे सरकतात आणि सगळं पुन्हा जागेवर येतं. ऑटोफोकसलाही उघड्या भोकाचाच आधार लागतो. ते भोकाच्या दोन विरुद्ध कडांतून आलेल्या प्रतिमा ताडून पाहतं, म्हणून बहुतेक फोकस बिंदूंना निदान एफ/५.६ लागतो. अनेक बॉडींवर लेन्सच्या बुडाशी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की भोक आधीच आवळतं, व्ह्यूफाइंडर अंधारतो आणि कान विरघळणार की नाही ते दिसतं. वर्षानुवर्षं कॅमेरा वापरणाऱ्यांनाही हे बटण ठाऊक नसतं. मलाही बराच काळ नव्हतं.

पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्यांच्या खांद्यावर तोफा का असतात, तेही याच भागाकारात आहे. ६०० मिलिमीटरला एफ/४ हवा तर भोक १५० मिलिमीटरचं लागतं, आणि समोरची काच त्याहून लहान असून चालत नाही. त्या काचेला दुसरी पळवाट नाही. ३०० मिलिमीटर एफ/५.६ला ५४ मिलिमीटरवर भागतं, म्हणून ती लेन्स पाठपिशवीत मावते. फक्त उजेड भरपूर हवा.

हल्ली कंपन्यांचा ओढा मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यांकडे असल्याने वापरलेल्या डीएसएलआर बॉडी सहज मिळतात. छंदासाठी मी तशीच घेईन आणि वाचलेले पैसे लेन्सवर घालेन. बॉडी घेताना शटर किती वेळा उडालं आहे ते विचारावं. जुन्या लेन्समधून टॉर्चचा झोत टाकावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. धूळ चालते, बुरशी नको. आपली लेन्सही दमट कपाटात कोंडून ठेवू नये.

पुढची लेन्स कुठली, हे विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायची गरज नाही. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ, एफ आकडा आणि शटरचा वेग यांची नोंद असते. वर्षभराचे आवडते फोटो निवडून त्या नोंदी चाळाव्यात. मी चाळल्या तेव्हा टेलिफोटोचं (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सचं) स्वप्न पाहत होतो, आणि माझे बहुतेक फोटो १८ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान, दिवे लागल्यावरचे निघाले. मी ३५ मिलिमीटरची एफ/१.८ घेतली.